एफवायच्या मानसशास्त्राचे प्रयोग मोबाइलवर कसे घ्यावेत

आमच्या विभागाच्या लोखंडी कपाटात एक मेमरी ड्रम आहे. छोट्या खिडकीतून एकेक शब्द ठरावीक वेळाने दिसावा म्हणून केलेलं यंत्र. मी रुजू झाले तेव्हापासून ते फिरलेलं नाही. दुरुस्तीची चौकशी केली तर उत्तर आलं, "मॅडम, असली मोटर आता मिळत नाही." शेजारी आरशात बघून चांदणी गिरवायचा संच आहे, त्याचा आरसा तडकलाय. स्टॉपवॉच चार, चालू दोन. आणि एवढा संसारही टीवायच्या पंधरा मुलांपुरता. आमच्याकडे एफवायला प्रात्यक्षिक नसतंच. विल्हेल्म वुंट या जर्मन शास्त्रज्ञाने १८७९ साली लाइपझिगला प्रयोगशाळा काढली, तिथून या विषयाचं वय मोजतात, हे वाक्य मुलं वहीत उतरवून घेतात आणि पुढची दोन वर्षं एकही प्रयोग न करता मानसशास्त्र शिकतात.

कॉलेज सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात. मुलं एसटीने येतात, काही जतकडून. वर्गात साठेक जण. प्रोजेक्टर एकाच हॉलमध्ये, तोही तिथे सत्कार-समारंभ नसेल तेव्हा. मोबाइल मात्र पाच-सहा जण सोडले तर सगळ्यांकडे. गेली काही वर्षं मी त्या मोबाइलवर प्रयोग घेते. काय जमलं, कुठे फसले, ते तुमच्यासारख्या तालुक्याच्या गावात शिकवणाऱ्यांसाठी लिहितेय. शहरात ज्यांच्याकडे संगणक प्रयोगशाळा आहे त्यांना यातलं बरंच बाळबोध वाटेल.

आधी काय केलं आणि ते का सोडलं

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी सगळ्यांसारखेच व्हिडिओ केले. चाळीस-चाळीस मिनिटांचे, मागे भिंतीवर चादर लावून. यूट्यूबने हिशेब दाखवला तेव्हा कळलं की मुलं सरासरी चार मिनिटांत पळतात. मला राग आला नाही. मीसुद्धा पळाले असते.

तेव्हापासून कुठलंही नवं साधन पुढे आलं की मी एकच बघते: यातून माझ्या वर्गाचा स्वतःचा आकडा निघतो का? भौतिकशास्त्राच्या सरांना लोलक आणावा लागतो. आपला लोलक बाकावर बसलेला असतो. त्याची स्मृती, त्याचं अवधान, त्याचे गैरसमज हेच तर शिकवायचंय. नुसतं दाखवणारी साधनं ढिगाने मिळतात. वर्गाकडून काही काढून घेणारी थोडी, आणि त्यातली बहुतेक फुकट.

शब्दांची यादी: सुरुवात इथून करा

पहिल्याच महिन्यात घ्यायचा प्रयोग म्हणजे खोटी आठवण. डीझने १९५९ साली केला, रोडिगर आणि मॅकडरमॉट यांनी १९९५ मध्ये पुन्हा वर काढला. एकाच गोष्टीच्या आसपासचे बारा-पंधरा शब्द ऐकवायचे, ती मुख्य गोष्ट मात्र यादीत ठेवायची नाही. लोक ती ऐकल्याचं छातीठोकपणे सांगतात. रोडिगर-मॅकडरमॉट यांच्या पहिल्या प्रयोगात न ऐकलेला शब्द ४० टक्के वेळा आठवला, दुसऱ्यात ५५ टक्के.

माझी पहिली चूक म्हणजे इंग्रजी यादीचं भाषांतर. 'झोपे'भोवतीची यादी घेतली. इंग्रजीत डुलकीला पाच शब्द, मराठीत आणून आणून 'डुलकी' आणि 'पेंग'. 'पीस'चं 'शांती' केलं तर मागच्या बाकावर हशा, कारण त्या नावाची मुलगी वर्गात होती. प्रयोग तिथेच संपला.

यादी वर्गाकडूनच काढून घ्यायची असते. आदल्या आठवड्यात गूगल फॉर्मवर एक प्रश्न टाका: "पाऊस म्हटल्यावर मनात येणारे पहिले तीन शब्द लिहा." साठ मुलांचे शब्द गूगल शीटमध्ये येतात, वारंवार आलेले उचला. माझी यादी अशी झाली: ढग, छत्री, वीज, चिखल, गारा, सरी, बेडूक, मृग, पागोळ्या, गडगडाट, इंद्रधनुष्य, रेनकोट. 'पागोळ्या' एकीच्या आजीचा शब्द; तो दोघांनीच लिहिला होता, पण मला सोडवेना. ज्या वर्गात यादी गोळा केली त्याच वर्गावर ती वापरू नका. एका तुकडीची दुसरीला, किंवा यंदाची पुढच्या वर्षीला.

आता ती दाखवायची कशी. मी तोंडाने वाचते तेव्हा नकळत काही शब्दांवर जोर देते. म्हणून पॉवरपॉइंटमध्ये एका स्लाइडवर एक शब्द, ट्रान्झिशनमध्ये दोन सेकंदांनी आपोआप पुढे, आणि फाइल व्हिडिओ म्हणून एक्सपोर्ट करायची. पांढऱ्यावर काळी अक्षरं असली की फाइल इतकी लहान होते की व्हॉट्सॲपवर सहज जाते. हाच माझा मेमरी ड्रम. नेट गेलं, वीज गेली तरी व्हिडिओ प्रत्येकाच्या हातात असतो. ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांना जोडीदाराच्या मोबाइलवर बघू द्या, उत्तरं कागदावर घ्या आणि नंतर स्वतः भरा. वर्गात "कुणाकडे नाही, हात वर करा" असं कधीही विचारू नका.

उत्तरं घेताना एक खाचखळगा आहे. मोकळ्या रकान्यात आठवतील ते शब्द लिहायला सांगितलं तर एक जण 'पाऊस' लिहितो, दुसरा 'पाउस', तिसरा रोमन अक्षरांत. शीटला हे तीन वेगळे शब्द. मग मी रात्री बसून हाताने मोजत होते. आता मी दोन टप्पे करते. आठवण वहीत, आणि ओळख फॉर्मवर: चौकटींच्या प्रश्नात चोवीस शब्द, बारा यादीतले, अकरा बाहेरचे आणि एक 'पाऊस'. पर्यायांचा क्रम प्रत्येकाला वेगळा यावा म्हणून शफलचं बटण चालू. शीटमध्ये एका मुलाच्या सगळ्या टिचक्या एकाच खान्यात स्वल्पविराम देऊन येतात, त्याला घाबरू नका. काउंटिफ सूत्रात शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारांकन दिलं की तो शब्द किती जणांनी निवडला ते लगेच कळतं. फक्त 'पाऊस' आणि 'पाऊसपाणी' असे एकात एक अडकणारे पर्याय ठेवू नका.

पहिल्यांदा निकाल फळ्यावर लिहिला तेव्हा निम्म्याहून जास्त वर्गाने 'पाऊस' ऐकल्याचं सांगितलं होतं. एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं नाहीतर कुठं पडतोय, यादीत तरी पडू दे की." हे वाक्य मी दर वर्षी पुढच्या तुकडीला सांगते.

त्याच वहीतल्या यादीतून आणखी एक आलेख निघतो. कितव्या क्रमांकाचा शब्द किती जणांना आठवला ते मांडा. सुरुवातीचे आणि शेवटचे शब्द वर, मधले खाली. मग पुढच्या तासाला नवी यादी घेऊन अर्ध्या वर्गाला लगेच लिहू द्या आणि उरलेल्यांना आधी अर्धा मिनिट शंभरातून तीन-तीन वजा करत उलटं मोजायला लावा. ग्लॅन्झर आणि क्युनिट्झ यांनी १९६६ मध्ये असाच अडथळा घातला होता. शेवटच्या शब्दांची उंची खाली येते, सुरुवातीच्या शब्दांची टिकते. अल्पकालीन आणि दीर्घकालीन स्मृतीची आकृती पुस्तकात रंगवून दाखवण्यापेक्षा हा आलेख मुलांच्या जास्त लक्षात राहतो, कारण त्यात त्यांचाच शब्द पडलेला असतो.

वर्गाचे दोन गट, कुणाला न कळता

प्रयोग म्हटला की दोन गट आले. गूगल फॉर्ममध्ये चिठ्ठ्या टाकायची सोय नाही, पण उत्तरानुसार वेगळ्या विभागात पाठवायची सोय आहे. पहिला प्रश्न: "तुमच्या जन्मतारखेचा अंक सम की विषम?" सम असेल तर विभाग दोन, विषम असेल तर विभाग तीन. बहुपर्यायी प्रश्नाच्या तीन टिंबांत हा पर्याय मिळतो. दोन्ही विभाग संपल्यावर फॉर्म थेट सबमिटला जातो ना, हे प्रत्येक विभागाच्या तळाशी तपासा. मी तपासलं नव्हतं, आणि सम गटाने आपलं झाल्यावर विषम गटाचेही प्रश्न सोडवले.

यावर मी लॉफ्टस आणि पामर यांचा १९७४ चा प्रयोग घेते. त्यांनी गाड्यांच्या अपघाताची चित्रफीत दाखवली आणि प्रश्नातलं एकच क्रियापद बदललं. जोरदार शब्द वापरला तर वेगाचा अंदाज ताशी ४० मैलांच्या वर, सौम्य वापरला तर ३२ च्या आत. खऱ्या अपघाताचे व्हिडिओ मी वर्गात लावत नाही; आमच्याकडे प्रत्येक गावात रस्त्यावर गेलेलं कुणीतरी असतं. एनसीसीच्या दोन पोरांना कॉलेजच्या गेटपाशी सायकली हळूच एकमेकींना लावायला सांगितल्या आणि आठ सेकंदांचं शूटिंग केलं. एका गटाला प्रश्न, "सायकली एकमेकींवर आदळल्या तेव्हा वेग किती असेल?" दुसऱ्या गटाला 'आदळल्या'च्या जागी 'टेकल्या'. शीटमध्ये ॲव्हरेजिफ लावला की दोन सरासऱ्या समोर.

दोन वर्षं फरक आला. तिसऱ्या वर्षी आला नाही. मला आधी लाज वाटली, पण तोच तास सगळ्यांत चांगला झाला. का आला नाही? गट लहान. कुणी गंमत म्हणून ताशी दोनशे किलोमीटर लिहिलेलं, त्याने सरासरी कुठच्या कुठे गेली. आणि मागच्या तुकडीने कँटीनमध्ये सगळं फोडलेलं. स्वतंत्र परिवर्त्य (आपण मुद्दाम बदलतो ते), अवलंबी परिवर्त्य (त्यामुळे बदलतं आणि आपण मोजतो ते), नियंत्रण हे शब्द त्या दिवशी मुलांनी स्वतः वापरले. म्हणून सांगते, फसलेला आकडा लपवू नका.

स्ट्रूप, मराठीत आणि कानडीत

जॉन रिडली स्ट्रूपचा १९३५ चा प्रयोग सगळ्यांना माहीत असतो: 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत लिहिलेला, आणि शब्द न वाचता रंग सांगायचा. त्याच्या मूळ प्रयोगात रंगाच्या नुसत्या शंभर चौकोनांना सुमारे ६३ सेकंद लागले, रंग आणि शब्द जुळत नसताना सुमारे ११०.

यासाठी फॉर्मचा उपयोग नाही, कारण फॉर्म सेकंद मोजत नाही. तीन चित्रं करा, प्रत्येकात वीस नग: रंगांचे ठिपके, न जुळणारे मराठी शब्द, आणि न जुळणारे पण वर्गाला न वाचता येणाऱ्या लिपीतले शब्द. मुलं जोडीने बसतात. एक मोबाइलवर चित्र बघून रंग बोलतो, दुसरा आपल्या मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ घेतो, मग अदलाबदल. तीन आकडे फॉर्मवर. निम्म्या मुलांनी चित्रं उलट क्रमाने बघावीत, नाहीतर सरावाचा परिणाम आत शिरतो. लाल-हिरव्यात गफलत होणारा एखादा मुलगा असतोच. ठिपक्यांच्या चित्रातच तो अडखळतो. त्याला बाजूला घेऊन वेळ मोजायचं काम द्या, वर्गासमोर निदान करू नका.

तिसऱ्या चित्रासाठी मी कन्नड लिपी घेतली होती. केंपू, हसिरु, नीली, हळदी. अपेक्षा अशी की वाचताच येत नाही तर अडथळा कसला. वेळ ठिपक्यांच्या जवळपास यावा. आला तसाच, एका मुलीचा सोडून. तिचे कन्नड चित्राचे सेकंद मराठीपेक्षाही जास्त. मला वाटलं स्टॉपवॉच चुकलं. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. मग तीच हळूच म्हणाली, "मॅडम, मी सातवीपर्यंत कन्नड शाळेत होते." जतकडच्या, कर्नाटकच्या सीमेवरच्या गावची. वर्षभर ती मराठी वर्गात गप्प बसायची, मला वाटायचं अभ्यास कच्चा. वाचन इतकं आपोआप होतं की नको म्हटलं तरी थांबत नाही, हे स्ट्रूपचं म्हणणं तिने साठ जणांपुढे एका आकड्यात मांडलं. त्यानंतर मी तिसरी लिपी निवडण्यापूर्वी विचारते, आणि तिलाच पुढच्या वर्षी कन्नड चित्र तपासायला बसवलं.

मिलिसेकंदात मोजायचं असेल तर सायटूलकिट ही फुकट वेबसाइट चांगली. स्ट्रूपपासून बरेच नावाजलेले प्रयोग तिथे तयार आहेत, ब्राउझरमध्ये चालतात. पण बरेचसे कीबोर्डवर बटणं दाबायला लावणारे, त्यामुळे मोबाइलपेक्षा ऑफिसमधला एखादा संगणक मिळाला तर बरा. मराठी शब्द घालायचे तर ते अक्षर म्हणून टाइप करण्याऐवजी पीएनजी चित्र करून घाला. त्यांचा स्ट्रूप तसाही चित्रांवरच चालतो, आणि वेलांट्या-काने जागच्या जागी राहतात. सायकोपाय हेही फुकट आणि फार ताकदीचं, पण त्यावर बनवलेला प्रयोग ऑनलाइन चालवायला पाव्हलोव्हिया या वेबसाइटकडे पैसे मोजावे लागतात. एफवायसाठी त्यात शिरू नका.

सगळ्यांना एकच भविष्य

बर्ट्रम फोररने १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्व चाचणी दिली, आणि निकाल म्हणून सगळ्यांना एकच मजकूर दिला. शून्य ते पाचमध्ये किती पटतं विचारलं तर सरासरी ४.२६. मजकूर त्याने ज्योतिषाच्या पुस्तकातून जमवला होता.

गूगल फॉर्म यासाठीच बनवलाय असं वाटतं. दहा गंभीर दिसणारे प्रश्न विचारा. सेटिंगमध्ये 'कन्फर्मेशन मेसेज' असतो, म्हणजे फॉर्म भरल्यावर दिसणारं वाक्य. तिथे भविष्य लिहून ठेवा आणि खाली गुण देण्याच्या दुसऱ्या फॉर्मची लिंक. मी लिहिलेला मजकूर: "तुम्ही वरून शांत दिसता, पण छोट्या गोष्टी मनाला लावून घेता. चारचौघांत मिसळता, तरी काही गोष्टी कुणालाच सांगत नाही. तुमच्या कष्टांची किंमत घरच्यांना अजून पुरती कळलेली नाही." शेवटच्या वाक्याला हमखास पाचपैकी पाच. हे वर्गात नको, घरी करायला सांगा, नाहीतर शेजाऱ्याच्या स्क्रीनवर तेच दिसतं. दुसऱ्या दिवशी एकाला उभं करून मोठ्याने वाचायला लावा.

यात आपण मुलांना फसवतो, हे विसरू नका. चोवीस तासांच्या आत उलगडा झालाच पाहिजे, आणि "का फसलात" यापेक्षा "आपण सगळेच का फसतो" यावर बोला.

फॉर्मवर काय विचारू नये

दुसऱ्या वर्षी उत्साहाच्या भरात मी 'ताण' या प्रकरणासाठी एक फॉर्म केला. इंटरनेटवरची एक प्रश्नावली मराठीत आणली. मोकळेपणाने लिहावं म्हणून निनावी ठेवला. शेवटी एक रकाना: "आणखी काही सांगायचं आहे?" रात्री पावणेबाराला एक उत्तर आलं. मी ते सकाळी सात वाजता चहा घेताना वाचलं. काय लिहिलं होतं ते इथे सांगत नाही. साठांपैकी कुणी लिहिलं ते कळायला मार्ग नव्हता, कारण तो मार्ग मीच बंद केला होता.

त्या दिवशी प्रकरण बाजूला ठेवून सगळ्यांशी बोलले, आणि आठवडाभर स्टाफरूमऐवजी विभागात दार उघडं ठेवून बसले. तिसऱ्या दिवशी एक मुलगी आली. उत्तर तिचं होतं की दुसऱ्या कुणाचं, मी विचारलं नाही.

तेव्हापासून नैराश्य, चिंता, आत्महत्येचे विचार, घरातली मारहाण यावर एकही प्रश्न फॉर्मवर नाही. निदानाच्या चाचण्या तर नाहीच. त्यातल्या बऱ्याच विकतच्या असतात, शिवाय त्यांचा अर्थ लावायला प्रशिक्षण लागतं. माझे प्रयोग शब्द, रंग, आकडे, सायकली यांचेच. नाव आणि ईमेल गोळा करत नाही, मुलांनी स्वतः ठरवलेला चार अंकी क्रमांक घेते. मोकळा रकाना ठेवायची वेळ आलीच तर वर लिहिते की हे मी लगेच वाचत नाही. आणि प्रत्येक फॉर्मच्या शेवटी, प्रयोग बेडकांचा असो की पागोळ्यांचा, एक ओळ: टेली मानस, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. आधी आपण स्वतः एकदा फोन लावून बघावा, म्हणजे "काय विचारतात हो तिथे" याचं उत्तर देता येतं.

नुसतं दाखवायचं असेल तर

सायमन्स आणि चाब्रिस यांचा १९९९ चा गोरिलाचा व्हिडिओ यूट्यूबवर आहे. चेंडूचे पास मोजता मोजता निम्म्या लोकांना मधून चालत गेलेला गोरिला दिसत नाही. हल्ली रील्समुळे मुलांनी तो आधीच पाहिलेला असतो. मग सायमन्सने २०१० मध्ये केलेला पुढचा व्हिडिओ लावा. गोरिला माहीत असलेल्यांनाही त्यातला पडद्याचा बदललेला रंग आणि निघून गेलेली खेळाडू दिसत नाही. चेतापेशीसाठी कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट या सिम्युलेशनच्या वेबसाइटवरचं न्यूरॉनचं सिम्युलेशन घ्या. वेग कमी करून सोडियम आत आणि पोटॅशियम बाहेर जाताना दाखवता येतं, आणि एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. मेंदूच्या भागांसाठी ब्रेनफॅक्ट्स या वेबसाइटवर फिरवता येणारा मेंदू आहे. या सगळ्याला मिळून दोन तास पुरे.

दर सोमवारी पाच प्रश्न

रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये दाखवलं की उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतो, पण आठवड्याने पारडं फिरतं: पुन्हा वाचणारे ४२ टक्के, वाचून स्वतःची परीक्षा घेतलेले ५६ टक्के. हे शिकवायचं आणि स्वतः मात्र फक्त वाचून दाखवायचं, हे मला खटकायला लागलं. आता दर सोमवारी पाच प्रश्न, त्यातले दोन महिन्याभरापूर्वीचे. गुण कुठेही धरत नाही. धरले की उत्तरं व्हॉट्सॲपवर फिरतात.

इथे प्लिकर्स हे ॲप फार उपयोगी. प्रत्येकाला एक छापील कार्ड. कार्ड कसं फिरवून धरलं त्यावर अ, ब, क किंवा ड. मी माझ्या मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवते आणि कुणी काय उत्तर दिलं ते गोळा होतं. मुलांना मोबाइलही नको, नेटही नको. संच चाळीस कार्डांचा, मोठा त्रेसष्टचा. साध्या कागदावर छापा. लॅमिनेशन केलं तर ट्यूबलाइटची चमक येऊन कॅमेरा आंधळा होतो. मी सगळी लॅमिनेट करून घेतली होती, आमच्या शिपाईमामांनी दोन दिवस खपून. अजून ते मला त्याबद्दल टोमणे मारतात.

वाचायला काय द्यावं

अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सचं मानसशास्त्राचं पाठ्यपुस्तक फुकट आहे, दुसरी आवृत्ती २०२० ची. त्याच्या परवान्यात श्रेय देऊन भाषांतर करायला मुभा आहे, तेव्हा लागतील ती पानं उघडपणे मराठीत आणा. उदाहरणं मात्र बदला. बेसबॉल आणि थँक्सगिव्हिंगचं इथे काय करायचं? बारावीला हा विषय नसलेल्या मुलांना मी आधी ई-बालभारतीवरची अकरावी-बारावीची मानसशास्त्राची पुस्तकं उतरवायला लावते. परिभाषा तिथेच पक्की होते. तरी घोळ राहतोच: एका पुस्तकात 'परिवर्त्य', दुसऱ्यात 'चल'. भाषा संचालनालयाचा मानसशास्त्र परिभाषा कोश ऑनलाइन आहे, भांडण झालं की तो उघडायचा.

आणि एक शीट मुलांचीच ठेवा. पहिल्या रकान्यात संज्ञा, दुसऱ्यात इंग्रजी शब्द, तिसऱ्यात गावाकडचं उदाहरण. लिहायची परवानगी सगळ्यांना. पहिल्या आठवड्यात कुणीतरी सगळी शीट पुसून टाकेल. व्हर्जन हिस्टरीतून परत आणा, आरडाओरडा करू नका. आमच्या शीटमध्ये 'अभिजात अभिसंधान' (एका खुणेची दुसऱ्या गोष्टीशी सांगड बसून शिकणं) यापुढे एकाने लिहिलंय: "वळणावर एसटीचा हॉर्न वाजला की हातातला चहा आपोआप खाली ठेवला जातो." मी खाली विचारलं, हे अभिजात की साधक, म्हणजे वागण्याच्या परिणामातून शिकलेलं? आतापर्यंत अकरा कमेंट आल्यात, त्यातल्या तीन टीवायच्या मुलांच्या, आणि वाद मिटलेला नाही.